जुनी सॅव्हेज ९९ घेताना: निळाई किती उरली ते नको, कुठे उडाली ते बघ

तुझा प्रश्न थोडक्यात असा. पेनसिल्व्हेनियात तुझ्या घराजवळच्या बंदुकीच्या दुकानात एक सॅव्हेज मॉडेल ९९ (चापाखालची लिव्हर ओढून भरायची जुनी अमेरिकन शिकारी रायफल) आली आहे, .३०० सॅव्हेज काडतुसाची. दुकानदार म्हणतो १९५० च्या दशकातली आहे आणि 'नव्वद टक्के निळाई (पोलादावरचा काळानिळा थर) शाबूत'. वर जुनी दुर्बीण आहे. लाकडी दस्त्याला रिसीव्हरच्या (नळीमागच्या पोलादी सांगाड्याच्या) मागे बोटाच्या पेराएवढी, केसासारखी बारीक चीर आहे. मागतोय ९५० डॉलर. घ्यावी का, घेण्याआधी काय बघावं, आणि त्यापेक्षा सगळ्यांना माहीत असलेली विंचेस्टर ९४ बरी नाही का? शिवाय तू ग्रीन कार्डवर आहेस आणि एच-१बीवरच्या तुझ्या मित्रालाही अशी एक घ्यायची आहे. तू मला काका म्हणालास म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

उत्तर आधीच देऊन टाकतो. चीर फक्त लाकडाची असेल आणि बाकी सगळं मूळचं असेल, तर घे. पण त्या 'नव्वद टक्क्यां'ना भुलू नकोस. माझी पहिली ९९ मी अशीच निळाई बघून घेतली आणि चांगला पस्तावलो.

मी मूळचा कुडाळकडचा. इकडे येऊन तीस वर्षं होऊन गेली, त्यातली बहुतेक कारखान्याच्या टूलरूममध्ये (साचे आणि हत्यारं घडवायच्या विभागात) गेली. जुन्या लिव्हर-ॲक्शन रायफली उघडणं, साफ करणं, दुरुस्त करणं हा आधी शनिवार-रविवारचा नाद होता, पुढे रीतसर परवाना काढून ते काम करायला लागलो. बंदूक मात्र पहिल्यांदा हातात घेतली ती गावी, आजोबांची ठासणीची. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि निकालानंतर घरी यायची. ती परत आली की आजोबा आम्हा पोरांना लांब उभं करायचे आणि म्हणायचे, "आधी नळी बघ, मगे बोल."

दुकानात तूही तेच कर. रायफल हातात घेतलीस की नळीचं तोंड माणसांपासून दूर, बोट चापाबाहेर, आणि लिव्हर पूर्ण खाली. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत) डोळ्यांनी बघ, मग करंगळी घालून चाचपून बघ. ९९ ची गंमत अशी की तिचं मॅगझिन बाहेरून दिसतच नाही, पोटात असतं. डाव्या बाजूला काडतुसं मोजणारी छोटी खिडकी असते, पण तिच्या आकड्यावर विसंबू नकोस, सत्तर वर्षांचा तेलाचा चिकटा बसला की तो आकडा अडकतो. लिव्हर उघडी ठेवून वरून आत बघ, पितळी फिरकी रिकामी दिसली पाहिजे.

आता माझ्या पस्तावण्याची गोष्ट. एका प्रदर्शनात टेबलावर एक ९९ होती, शाईसारखी काळीनिळी, आरशासारखी. विकणाऱ्याने सांगितलं, कपाटातच राहिली, कोणी वापरलीच नाही. मी टूलरूमचा माणूस, चकचकीत फिनिश दिसलं की माझा हात आपोआप पुढे जातो. घरी आणून चांगल्या उजेडात धरली तेव्हा कळलं. रिसीव्हरच्या कडा, ज्या नखाला लागाव्यात इतक्या धारदार असायला हव्यात, त्या साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. स्क्रूच्या भोकांच्या कडेने बशीसारखे खळगे पडले होते. नळीवरची अक्षरं मधोमध ठसठशीत आणि टोकांना पुसट. कोणीतरी पॉलिशच्या चाकावर धरून गंज घासून काढला होता आणि पुन्हा निळाई चढवली होती. रायफल चालत उत्तम होती, पण जी बघायला घेतली ती वस्तूच उरली नव्हती. घरातली जुनी तांब्याची घागर कोणी घासूनपुसून वर लॅकर मारून दिली तर जसं वाटेल, तसं.

निळाई म्हणजे रंग नव्हे. लोखंडाच्या पृष्ठभागावर मुद्दाम धरवलेला काळ्या ऑक्साइडचा पापुद्रा असतो तो. अतिशय पातळ. हात लागून, खोगिराच्या पिशवीत घासून, ट्रकच्या रॅकवर आपटून तो झिजतो आणि खालचं पोलाद रुपेरी दिसायला लागतं. ही झीज कुठेही होत नाही, तिला कारण असतं. ९९ ला खाली लोंबणारं मॅगझिन नाही, म्हणून रानात चालताना माणूस ती एका हाताने, बरोबर रिसीव्हरच्या तळाला मुठीत धरून नेतो. त्यामुळे खऱ्या वापरलेल्या ९९ च्या पोटाशी, लिव्हरच्या जोडाच्या पुढे, रुपेरी पट्टा पडलेला असतो. लिव्हरच्या आतल्या कडेला, जिथे बोटांच्या मागच्या बाजू लागतात, तिथे दुसरा. नळीच्या तोंडापाशी तिसरा. आता रिसीव्हरचं पोट रुपेरी आणि नळी मात्र कोरी करकरीत, असं दिसलं तर समज की नळी बदलली आहे किंवा तिच्यावर नंतर काम झालं आहे. दस्त्याला खूप ठोके आणि पोलाद कोरं, हेही तसंच. सगळ्या साक्षीदारांची जबानी जुळली पाहिजे, रायफल पारखणं म्हणजे एवढंच. साठ टक्के निळाईची पण जबानी जुळणारी रायफल मी नव्वद टक्क्यांच्या संशयास्पद रायफलीच्या आधी घेईन.

स्क्रूंच्या खाचा बघ. कारखान्याच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ असते. घरगुती पाचरीसारख्या स्क्रूड्रायव्हरने उघडलेली असेल तर खाचेच्या कडा फुलासारख्या उमललेल्या दिसतात. एक-दोन तशा असतील तर चालेल, सत्तर वर्षांत कोणी तरी उघडलीच असणार. सगळेच तसे असतील तर आत काय करून ठेवलंय देव जाणे.

तारखेचं सोपं आहे. लिव्हर जिथे रिसीव्हरला जोडलेली आहे, त्या गोलसर भागावर छोट्या लंबगोलात एक इंग्रजी अक्षर असतं. १९४९ ला ए, १९५० ला बी, असं ते पुढे जातं. तू पाठवलेल्या फोटोत एफ दिसतोय, म्हणजे लिव्हर १९५४ ची. आता नळीवरचा पत्ता वाच. कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकात सुरू झाली, दुसऱ्या महायुद्धानंतर मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सला गेली, आणि १९६० च्या सुमारास तिथून जवळच्या वेस्टफिल्डला. १९५४ च्या रायफलीवर चिकोपी फॉल्स हवं. वेस्टफिल्ड असेल तर नळी नंतरची. रिसीव्हरच्या पुढच्या टोकाला खाली अनुक्रमांक असतो, आणि बऱ्याच जुन्या ९९ मध्ये तोच आकडा बटप्लेट (दस्त्याच्या टोकाची पट्टी) काढली की लाकडाच्या टोकावरही सापडतो. दुकानदार बटप्लेट काढू देईल की नाही ते तुझ्या बोलण्यावर. मी सहसा घरून नीट बसणारा स्क्रूड्रायव्हर घेऊन जातो आणि आधी दाखवतो. तो बघितला की बहुतेक जण मान डोलावतात.

आता चीर. ९९ चा हा जुनाच रोग आहे आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. दस्ता एका लांब बोल्टने रिसीव्हरला आवळलेला असतो. हा बोल्ट बटप्लेटखालच्या भोकातून लाकडाच्या आरपार जातो. वर्षानुवर्षं हवा कोरडी-दमट होत राहते, लाकूड आकसतं, बोल्ट ढिला पडतो, आणि प्रत्येक बाराला रिसीव्हरची मागची पोलादी शेपटी लाकडात पाचरीसारखी घुसते. लाकूड मग तिथेच चिरतं. त्यात भर म्हणजे रायफल कपाटात तोंड वर करून ठेवायची लोकांची सवय. तेल हळूहळू खाली उतरून त्याच जागी मुरतं, अक्रोडाचं लाकूड काळं पडतं आणि मऊ होतं. चिरेभोवतीचं लाकूड नखाने दाबून बघ. टणक असेल तर चीर ताजी किंवा निदान सुदृढ लाकडातली आहे, ती भरता येते. मऊ आणि काळपट असेल तर आधी तेल शोषून काढावं लागतं, ते चिवट काम आहे आणि दरवेळी यश येतं असंही नाही. दुसरी गोष्ट, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंनी बघ. एका बाजूची चीर ही चीर, दोन्ही बाजूंच्या समोरासमोर आल्या तर तो उद्याचा तुटलेला दस्ता.

नळीच्या बाबतीत ९९ ची एक अडचण आहे. बोल्ट-ॲक्शन रायफलीत बोल्ट (दस्त्याचा नव्हे, चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) काढून मागून साफ करता येतं. ९९ चं रिसीव्हर मागे बंद आहे, म्हणून ही रायफल तोंडाकडूनच साफ करावी लागते. (नळी वेगळी होणारी 'टेकडाउन' प्रकारची जुनी ९९ असेल तर गोष्ट वेगळी.) मग पन्नास वर्षं कोणी लोखंडी सळई वेडीवाकडी घातली असेल तर तोंडाजवळचे आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खाचा) लंबगोल झिजतात, आणि आतली बाकी नळी आरशासारखी असूनही नेम लागत नाही. तोंड भिंगातून बघ, प्रत्येक आट्याची कड सारखी दिसली पाहिजे. आत बघण्याआधी एक कोरडी चिंधी फिरवायला सांग, कारण तेलाच्या चमकेखाली गंजाचे खड्डे छान लपतात. अमेरिकेत १९३० च्या आसपास काडतुसांमधली गंज आणणारी प्रायमरं (दारू पेटवणाऱ्या बुडातल्या छोट्या टोप्या) मागे पडत गेली, त्यामुळे १९५४ च्या नळीला त्या त्रासाची भीती कमी. युटिकाच्या जुन्या रायफलींना ती खूप.

चेंबरचं मात्र दुकानात कळत नाही. .३०० सॅव्हेज आणि .३०८ या दोन काडतुसांचा व्यास मिळताजुळता, पण .३०८ लांब. त्यामुळे काही जणांनी जुन्या नळ्यांची चेंबरं कोरून .३०८ ची केली. नळीवर शिक्का जुनाच राहिला असेल तर नवीन मालकाला कळायचा मार्ग नाही. .३०८ चा दाब बराच जास्त. म्हणून घेतल्यावर पहिला बार काढण्याआधी गनस्मिथकडून (बंदुकीच्या कारागिराकडून) हेडस्पेस, म्हणजे चेंबरमध्ये काडतुसाच्या बुडामागे उरणारी जागा, मोजून घे, आणि चेंबरचा साचा काढून घे. कमी तापमानाला वितळणारा एक मिश्रधातू ओततात, थंड झाला की चेंबरची हुबेहूब प्रतिमा बाहेर येते. खर्च फार नाही आणि डोळे तुझे आहेत.

आता ज्या गोष्टीसाठी ही रायफल घ्यायची ती. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

विंचेस्टर ९४ चांगलीच आहे. जॉन ब्राउनिंगची रचना, .३०-३० काडतूस, लाखोंनी खपलेली. पण तिचं मॅगझिन म्हणजे नळीखालची दुसरी नळी, त्यात काडतुसं एकामागे एक उभी, पुढच्याच्या बुडाला मागच्याची गोळी टेकलेली. टोकदार गोळी घातली आणि झटक्याने ती पुढच्याच्या प्रायमरवर आदळली तर काय होईल, सांगायला नको. म्हणून तिथे गोळ्या बोथट नाकाच्या घालतात आणि बोथट गोळी हवेत लवकर वेग गमावते. शिवाय ९४ ची रिकामी टोपणं (काडतुसांची पितळी नळकांडी) वरून बाहेर उडतात, म्हणून जुन्या ९४ वर दुर्बीण मधोमध बसत नाही.

आर्थर सॅव्हेजने हे दोन्ही प्रश्न १८९० च्या दशकातच सोडवले होते. हा माणूस १८५७ मध्ये जमैकात किंग्स्टनला जन्मला आणि युटिकात रेल्वेची व्यवस्था बघायचा. बंदुकीच्या घराण्यातला नव्हे. अमेरिकन लष्कराच्या चाचणीत त्याची रचना क्रॅग या दुसऱ्या रायफलीपुढे हरली. मग त्याने शिकाऱ्यांकडे मोर्चा वळवला. १८९५ चं पहिलं मॉडेल मार्लिन या दुसऱ्या बंदूक कंपनीच्या कारखान्यातून करून घेतलं, आणि १८९९ ला जे स्वतः काढलं तेच थोडं थोडं बदलत १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिलं. दहा लाखावी रायफल १९६० मध्ये झाली.

त्याची युक्ती म्हणजे ती पितळी फिरकी. ज्या खाचांमध्ये काडतुसं बसतात ती फिरकी आपल्या रहाटाची आठवण करून देते. वरून एक काडतूस दाबलं की फिरकी स्प्रिंगविरुद्ध एक घर फिरते, दुसरं दाबलं की आणखी एक घर. पाच बसतात. प्रत्येकाला स्वतःचं घर, कुणाचं नाक कुणाच्या बुडाला लागत नाही, म्हणून टोकदार गोळी चालते. आणि फिरकी जशी फिरते तसा डाव्या खिडकीतला आकडा बदलतो. पहिल्यांदा डमी काडतुसं घालून मी हे केलं तेव्हा मी पुन्हा पुन्हा तेच करत बसलो होतो, बायको विचारायला आली की काय मोडलं. काही मोडलं नव्हतं. एक, दोन, तीन, चार, पाच, आणि परत उलटं. तूही दुकानात डमी काडतुसं मागून हे बघच, आकडा फिरला पाहिजे आणि पाचही सुरळीत चेंबरमध्ये गेली पाहिजेत.

बाहेर घोडा नाही. सगळं आत. लिव्हर मिटताना बोल्टची शेपूट वर उचलली जाते आणि रिसीव्हरच्या मागच्या भरीव भिंतीला टेकते, तेच कुलूप. टोपण उजवीकडून उडतं, वरचा भाग बंद, त्यामुळे दुर्बीण बरोबर मधोमध आणि खाली बसते. लिव्हर मिटली की रिसीव्हरमागच्या शेपटीवर एक बारीकशी पोलादी पिन वर येते, अंधारातही अंगठ्याने चाचपून कळतं की रायफल तयार आहे. हे रिसीव्हर घडीव पोलादाच्या ठोकळ्यातून कोरून काढायचे. मिलिंग मशिनवर उभं राहिलेल्या माणसाने आतले कोपरे, वळणं, चोरखाचा बघितल्या तर त्याच्या लक्षात येईल की याला किती सेटअप लागले असतील. माझ्या टूलरूममध्ये एकदा एक उघडं रिसीव्हर नेलं होतं. आमचा एक म्हातारा सहकारी, जन्मभर मशिनवर पोलाद कापलेला माणूस, हातात घेऊन बराच वेळ फिरवत राहिला आणि म्हणाला, "याचं कोटेशन द्यायला मला सांगू नका." पुढे तिचं उत्पादन बंद पडलं त्यात या खर्चाचा मोठा वाटा होता. गोल रिसीव्हर लेथवर वळवून होणाऱ्या बोल्ट रायफलींपुढे हे परवडेना.

सेफ्टी बघून घे. १९६० च्या आधीच्या ९९ वर ती लिव्हरवर, चापाच्या मागे सरकपट्टी असते आणि ती चाप आणि लिव्हर दोन्ही अडवते. (नंतर ती वर शेपटीवर गेली. वापरायला ती सोयीची, पण मला जुनीच आवडते.) रिकामी खात्री करून, लिव्हर मिटून, सेफ्टी लावून चाप ओढ, मग चाप सोडून सेफ्टी काढ. काढताना आतून 'टक्' झालं तर ती रायफल गनस्मिथकडे आधी, रानात नंतर.

दुर्बिणीबद्दल. १९५० च्या दशकात कारखान्यानेच वर भोकं पाडून द्यायला सुरुवात केली, त्यामुळे वरची भोकं म्हणजे दोष असं समजू नकोस. कारखान्याची भोकं मध्यरेषेवर नेमकी असतात आणि आतूनही निळी. घरच्या ड्रिलची भोकं किंचित तिरपी आणि आत पांढरी. डाव्या बाजूला जास्तीची दोन दिसली तर बहुधा कोणीतरी तिथे पीप साइट (भोकातून बघून नेम धरायची पट्टी) लावली होती, त्याची किंमत कमी करून माग. फोटोवरून दुर्बीण मला वीव्हर के-४ वाटते, टेक्सासमधल्या एल पासोला बनायची. पोलादी नळीची, साधी, चौपट. आत धुकं नसेल तर काढू नकोस. १९५४ च्या रायफलीवर ती शोभते, आजच्या तोफेएवढ्या दुर्बिणी तिथे बघवत नाहीत.

.३०० सॅव्हेज हे काडतूस १९२० चं. लष्कराच्या लांब .३०-०६ काडतुसाची ताकद जमेल तितकी छोट्या टोपणात बसवायची, म्हणून त्याची मान आखूड. १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २,६०० फुटांच्या पुढे जाते, हरणासाठी पुरून उरते. लष्कराने पुढे ७.६२ नाटोचं काडतूस घडवताना प्रयोगांची सुरुवात याच टोपणापासून केली. आजही ते मिळतं, पण दरवर्षी प्रत्येक दुकानात मिळेल असं नाही. दिसलं की चार खोकी घेऊन ठेव. आणि आपल्याकडच्यांना हमखास होणारी एक गल्लत: जुन्या ९९ वर '.३०३ सॅव्हेज' लिहिलेलं असतं, ते आपण लहानपणी पोलिसांच्या खांद्यावर पाहिलेलं ब्रिटिश .३०३ नव्हे. काडतूसच वेगळं. एकाचं दुसऱ्यात घालायचा विचारही नको.

परवान्याचं. ग्रीन कार्डवर तू दुकानातून घेऊ शकतोस. बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरायचा, कार्ड आणि पत्ता दाखवायचा, इथे पेनसिल्व्हेनियात राज्य पोलिसांच्या यंत्रणेतून तपासणी होते. फॉर्मवर 'खरा खरेदीदार मीच' असं लिहून देतोस, म्हणून मित्रासाठी तुझ्या नावावर घेणं हा गुन्हा आहे, मैत्री नव्हे. मित्राचं वेगळं. एच-१बीसारख्या बिगर-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची मुळात मनाई आहे, त्याला थोडे अपवाद आहेत, वैध शिकार परवाना हा त्यातला नेहमीचा. पण त्याच्या ग्रीन कार्डाचा सगळा भविष्यकाळ यावर लटकलाय, तेव्हा त्याने माझ्यासारख्या फिटरला न विचारता वकिलाला विचारावं. आणि दोघांनीही एक स्वप्न सोडून द्या, ती भारतात नेण्याचं. शिकार तिथे १९७२ च्या कायद्याने बंद आहे आणि परदेशातून रायफल नेणं म्हणजे कागदांचं जंगल.

इथे शिकार करायची असेल तर हंटर एज्युकेशनचा वर्ग कर, मी तो पन्नाशीला केला, बाजूला बारा वर्षांची पोरं बसली होती आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त मार्क पडले. रायफलच्या मोसमात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच भगवा रंग अंगावर लागतो. तो आपल्या भगव्यापेक्षा बराच भडक असतो. आणि या राज्यात मोठ्या जनावरांसाठी सेमी-ऑटोमॅटिक रायफली चालत नाहीत, म्हणूनही इथल्या जुन्या घरांमधून लिव्हरच्या रायफली इतक्या निघतात.

सांभाळायचं कसं, तर कमी करून. तेल चिंधीवर घेऊन नुसता हात फिरवायचा, धार सोडायची नाही. तेल लावल्यावर पहिली रात्र तोंड खाली करून ठेव. चामड्याच्या म्यानात कधीही साठवू नकोस, चामडं दमटपणा धरतं आणि पोलादाला खातं. लाकडाला लहानपणी आपण बॅटला लावायचो तेच जवसाचं तेल, पण थेंबभर, तळहाताने चोळून, आणि महिनोन्महिने अंतराने. ती तेलकट चिंधी मात्र गोळा करून कचऱ्यात टाकू नकोस, जवसाचं तेल वाळताना तापतं आणि चिंधी आपली आपण पेटते. बाहेर दोरीवर पसरून वाळू दे. निळाई उडालेल्या जागी बाटलीतली निळाई फासायचा मोह होईल. होऊ दे, फासू नकोस. ती जागा कोणाच्या तरी मुठीची आहे.

माझी आत्ताची ९९ मला एका घरातून मिळाली, मालक गेल्यानंतर मुलांनी काढलेली. नळीवर चिकोपी फॉल्स, पोटाशी रुपेरी पट्टा, दस्त्याच्या डाव्या बाजूला बारीक आडव्या रेघा, एकसारख्या अंतराने. काय असतील म्हणून मी खूप विचार केला. मग मुलगी म्हणाली, बाबा नेहमी त्याच एका कुंपणाच्या तारेवरून वाकून ती पलीकडे ठेवायचे. खंडेनवमीला माझी हत्यारं मांडतो तेव्हा मायक्रोमीटर आणि व्हर्निअरच्या शेजारी ती असते, रिकामी, लिव्हर उघडी.

तर तुझ्या रायफलीचं. चीर एकाच बाजूला, लाकूड टणक, पत्ता चिकोपी फॉल्स आणि पोटाची झीज नळीशी जुळणारी असेल तर ८०० पासून बोलायला सुरुवात कर आणि ८७५ ला हात पुढे कर. दुर्बीण धरून. घेतलीस तर लगेच बार काढू नकोस आणि दस्त्याचा तो लांब बोल्ट स्वतः आवळायला जाऊ नकोस. साधा स्क्रूड्रायव्हर भोकात घसरला तर आतून लाकूड खरवडतो. मी त्यासाठी एक लांब, सारख्या जाडीच्या पात्याचा करून ठेवलाय. हेडस्पेसचे गेजही आहेत. शनिवारी सकाळी घेऊन ये, लिव्हर उघडी ठेवून, म्यानात. चहा करतो.